चार नंबरची चूक

२१ ऑक्टोबर २०२०, बुधवार

कामावर मी रोज लॉग लिहिते. घरी काय होतं ते मात्र हल्ली आठवत नाही. परवा मी जेवले की नाही हे क्षितिजाला विचारावं लागलं, तेव्हा सोळा वर्षांच्या पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती काही बरी नव्हती. म्हणून ही वही. घडलं तेवढं लिहायचं. भावनांचं गुऱ्हाळ नको.

तर नोंद. आज मध्यरात्रीपासून पुन्हा लॉकडाऊन, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. मला काही फरक पडत नाही. आमचा कारखाना हृदयात घालायच्या नळ्या बनवतो, त्यामुळे तो चालूच असतो. मी क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासायचे, हे माझं काम. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर चुकीवर एकच सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, मग सही, तारीख, कारण. लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं मी नव्या पोरांना शिकवते.

देवदत्त १९ एप्रिलला गेला. कोविड. हीसुद्धा नोंदच.

संध्याकाळी एमनचा फोन आला. एमन म्हणजे हेरन्स या बेसबॉल क्लबचा अध्यक्ष. आयर्लंडमध्ये बेसबॉल म्हणजे आमच्या सांगलीत आइस हॉकी, पण ॲथलोनच्या बाहेर हर्लिंग या आयरिश खेळाच्या क्लबने दिलेल्या एका मैदानात पंचवीस माणसं तो खेळतात. त्यातला एक माझा नवरा होता. देवदत्त अमरावतीचा, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेला. २०१५ साली तो इथल्या टेलिकॉम कंपनीत आला आणि सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी बघून दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर हजर. मला स्कोअर लिहायला बसवलं, कारण दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. पाच वर्षांच्या स्कोअरच्या वह्या माझ्याकडेच आहेत, जिन्याखालच्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता माझ्याही तोंडी तेच येतं.

एमनचं म्हणणं, हिवाळाभर घरात बसून माणसं वेडी होतील. अमेरिकेत जसं बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं मानाचं दालन, आहे तसं आपण आपलं करू. मत द्यायला आठ जण, निवडून यायला सहा मतं. मी आकडे काढून द्यायचे, नियम लिहायचे आणि मतही द्यायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं.

४ नोव्हेंबर, बुधवार

झूमवर पहिली मीटिंग. माणसं कसली, नुसत्या खिडक्या. क्लबचे सगळ्यांत जुने मॉसी, वय चौऱ्याऐंशी, त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं आणि मागे येशूची तसबीर. नीव ही आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी; प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांना गप्प करायचं काम तिचं. ज्ञानेश हा नागपूरचा, देवदत्तच्याच ऑफिसातला, मला वहिनी म्हणतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो.

दीड तास जेरीवर गेला. जेरीने क्लबसाठी सगळ्यांत जास्त होमरन, म्हणजे आपले सिक्सरच, मारले, सेहेचाळीस. पण २०१८ मध्ये त्याची बॅट मोडली तेव्हा आत भोक पाडून बूच भरलेलं निघालं. बॅट त्याने हलकी करून घेतली होती. नीव म्हणाली, लबाड तो लबाड, त्याला कसलं हॉल. ज्ञानेश म्हणाला, बूच नसतं तरी त्या रेड्याने तेवढेच मारले असते. मग अमेरिकेतलं निघालं. तिथे औषधं टोचून घेऊन चेंडू मारणारे आहेत, त्यांना घ्यायचं की नाही यावर कित्येक वर्षं भांडणं चालू आहेत म्हणे. एमन दहा वर्षं बॉस्टनला राहिलेला, त्याला ही सगळी कुंडली पाठ. खेळ बघायचा की माणूस, हा खरा प्रश्न, असं तो तीनदा म्हणाला.

शेवटी मला विचारलं. मी सांगितलं, बॅट एकदाच सापडली आहे. त्याआधीच्या बॅटांची नोंद नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार नाही. त्या बॅटचे होमरन बाद, बाकीचे एकतीस धरायचे. सगळे खूश झाले. नीव म्हणाली, चित्राला सुप्रीम कोर्टात पाठवा.

त्यात हुशारी काही नाही. कागदावर आहे ते आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. या वर्षी काही करायचं नाहीच. सासूबाईंचा अमरावतीहून फोन आला. जेवली का वं, म्हणाल्या. जेवले म्हटलं. 

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज देवदत्तचं नाव आलं. एमननेच सुचवलं.

आकडे मीच वाचून दाखवले. पाच सीझन, सगळे सामने सेकंड बेसवर, एकही गैरहजेरी नाही. फलंदाजी मध्यम. फील्डिंग क्लबमध्ये सर्वांत चांगली, पाच वर्षांत फक्त नऊ चुका. आवाज कापला वगैरे नाही. सहकाऱ्याचा वार्षिक अहवाल वाचावा तसा वाचला.

मग ती गोष्ट निघणारच होती, ती निघाली. २०१५ ची फायनल.

इथे लिहून ठेवते, कारण क्षितिजा तेव्हा लहान होती. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो. सेकंड बेस म्हणजे चार, त्याच्या बाजूला शॉर्टस्टॉप उभा असतो तो सहा. कुणी हातचा चेंडू सोडला तर त्याच्या नंबरापुढे एररचा ई लिहायचा. चूक झाली की नाही आणि कुणाची, हे ठरवतो स्कोअरर. म्हणजे मी. आम्ही येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. फायनलचा शेवटचा डाव, डब्लिनची टीम फलंदाजीला, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, दोघे बेसवर. चेंडू सरळ आकाशात उडाला आणि चार आणि सहाच्या मध्ये खाली आला. तिसरीतल्या पोरानेही झेलला असता. तो पडला, दोघे धावत आले, आम्ही हरलो.

मी नेमकी त्या क्षणी बघत नव्हते. आईचा सांगलीहून फोन आला होता, मान खाली घालून तो कापत होते. आरडाओरडा झाला तेव्हा शेजारी मॉसी होते, त्यांना विचारलं काय झालं. ते म्हणाले, "युअर मॅन ड्रॉप्ड इट." माझाच माणूस. लिहिलं मी, ई-फोर. स्वतःचा नवरा आहे म्हणून पांघरूण घातलं नाही. त्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

गाडीत मी विचारलं, कसा रे सोडलास? तो म्हणाला, "सुटला." आणि घरी वरण उरलंय का ते विचारलं. पुढे क्लबात त्याची म्हणच झाली. कुणाच्या हातून काही पडलं की 'देव केला' म्हणायचं. कप फुटला की क्षितिजासुद्धा म्हणायची, मम, आय डिड अ देव. तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

तर आज एक जण म्हणाला, माणूस सोन्यासारखा, पण क्लबने एकच फायनल खेळली आणि ती त्याने घालवली, त्याचं काय करायचं? एमन तावातावाने म्हणाला, तो चेंडू हिशेबात धरायचा नाही. मी म्हटलं, धरायचा नाही म्हणजे काय, वहीत आहे. तो म्हणाला, "चित्रा, वह्या माणसंच लिहितात गं." आणि कॅमेरा बंद करून बसला. मला हे आवडत नाही. विधवेच्या नवऱ्याला मार्क वाढवून द्यायचे, अशी दया मला नको.

२९ नोव्हेंबर, रविवार

एमनचा दर रविवारी फोन येतो. आज त्याने विचारलं की २०१६ मध्ये पावसाने किती सामने गेले. हे काय विचारणं झालं? मग बॉयलर चालतोय का, क्षितिजाचा अभ्यास कसा चाललाय, दाराशी मटार-बटाट्याचं सूप ठेवून गेलोय ते मिळालं का. त्याच्या सूपमध्ये हॅम असतं हे त्याला कोण सांगणार. क्षितिजा खाते, मी नाही.

फोन ठेवताना तो नेहमी काहीतरी म्हणायला लागतो आणि अडतो. मग 'ग्रँड सो', म्हणजे बरं तर, म्हणून ठेवून देतो. भाबडा माणूस आहे. बायको नाही, मूल नाही, वेळ जात नसेल.

१६ डिसेंबर, बुधवार

मतदान. नीवला ईमेलने मतं पाठवायची होती, गुप्त. नियम मी लिहिलेत, एक पान. वर्षातून एकदाच मतदान, निकाल लागला की पुढच्या वर्षीपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मॉसींना आठ मतं पडली, बावीस वर्षं मैदानाचं गवत कापल्याबद्दल. नीवला सात. जेरीला चार, तो राहिला.

देवदत्तला पाच. एक कमी पडलं.

हा निकाल नीवने झूमवर वाचला. ज्ञानेश उठून गेला तो आलाच नाही. एमनचा चेहरा लालबुंद झाला, तो म्हणाला, कोण आहेत हे तिघे, मला कळलंच पाहिजे. नीवने त्याला गुप्त मतदान म्हणजे काय ते पोरांना समजावतात तसं समजावलं.

त्या तिघांतली एक मी आहे.

हे इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. मी बसून विचार केला होता. हा माणूस माझा कुणी नसता तर मी काय केलं असतं? एकमेव फायनल ज्याच्या हातून गेली त्याला मी मत दिलं नसतं. मग नवरा आहे म्हणून का द्यायचं? जेरीला मी एक न्याय लावला आणि घरच्याला दुसरा लावू? मी 'नाही' लिहिलं आणि पाठवलं. पाठवताना काही वाटलं नाही. खरं तर तेव्हा वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग तुम्ही गाल चावलात तरी कळत नाही, तसं झालंय.

क्षितिजाने निकाल विचारला. सांगितला. ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर, मम." वर जाऊन तिने दार लावून घेतलं.

१७ डिसेंबर, गुरुवार

एमनचा फोन, रविवार नसताना. तुला फार लागलं असेल, म्हणाला. मी म्हटलं, ग्रँड आहे मी. तो म्हणाला, मी तरी ग्रँड नाही. मग त्याचीच समजूत काढत बसले.

२७ जानेवारी २०२१, बुधवार

अमेरिकेतल्या हॉल ऑफ फेमचा काल निकाल लागला. या वर्षी तिथे एकालाही पुरेशी मतं पडली नाहीत. ज्ञानेशने ग्रुपवर टाकलं की बघा, आपण त्यांच्यापेक्षा उदार आहोत. दिवसभर त्यावर चर्चा चालली. आकडे मोजायचे की चारित्र्य, आणि चारित्र्याचा आकडा कुठल्या रकान्यात भरायचा. एमनने एक अक्षर लिहिलं नाही.

कारखान्यात अकरा जण पॉझिटिव्ह, मी दोन पाळ्या केल्या. क्षितिजाची शाळा स्क्रीनवर. जेवणात दहा दिवस खिचडी. हे मोजून लिहिलंय.

४ फेब्रुवारी, गुरुवार

काहीतरी झालंय. नीट क्रमाने लिहिते.

मंगळवारी बॉयलर बंद पडला. मी कंपनीला फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने पत्ता घेतला आणि म्हणाली, "युअर मॅन विल बी विथ यू ऑन थर्सडे, आफ्टर टेन."

मी दाराकडे बघितलं.

एक सेकंदभरच असेल. माझा माणूस गुरुवारी दहानंतर येणार, एवढंच मला ऐकू आलं आणि मी दाराकडे बघितलं. मग कळलं की ती मेकॅनिकबद्दल बोलतेय. इथे हे सगळेच बोलतात. युअर मॅन म्हणजे तो बाबा, तो अमका. टीव्हीवरच्या मंत्र्यालाही युअर मॅन, दुकानदारालाही युअर मॅन. पाच वर्षं मी हे रोज ऐकतेय, आता मीसुद्धा म्हणते. मंगळवारी फोन ठेवला, कणीक मळली, आणि पोळी लाटताना हात थांबले.

मॉसी.

२०१५ च्या सप्टेंबरात मला ते माहीत नव्हतं. तीन महिने झाले होते येऊन, आणि ते तीन महिने मैदान सोडलं तर मी घराबाहेर पडले नव्हते. मॉसी म्हणाले युअर मॅन, आणि मी माझा माणूस लिहिला. त्यांनी कुणाकडे तरी बोट केलं असेल, मी ते बघितलंही नसेल. दुसऱ्यांचे कागद तपासते मी. स्वतः न बघता सही केली तर नोकरी जाते असं सांगते पोरांना. उंटावरची शहाणी.

चार आणि सहाच्या मध्ये पडला होता चेंडू. चार नव्हे, तर सहा. शॉर्टस्टॉपला तेव्हा एमन होता.

आज दहानंतर मेकॅनिक आला, बॉयलर चालू झाला. घर गरम आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

मैदान आमच्या पाच किलोमीटरच्या आत येतं. एमन तिथे रोज फिरतो. त्याच्या फोनची वाट न बघता मीच गेले. गवत गुडघाभर, पिचरच्या उंचवट्यावर बगळे. आम्ही दोघे दोन मीटर अंतर ठेवून उभे राहिलो आणि मी सरळ विचारलं, तो चेंडू कुणी सोडला?

त्याने टोपी काढली. म्हणाला, "मी. 'माझा' म्हणून ओरडलो, म्हणून देव मागे सरला. माझ्या हातात येऊन सुटला तो."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का? शब्द याहून वाईट होते, ते लिहीत नाही.

तो म्हणाला की सामना संपल्यावर त्याने वही बघितली आणि तिथल्या तिथे माझ्याकडे यायला निघाला. देवदत्तने त्याला गाड्यांच्या मागे नेलं. देवदत्त त्याला जे म्हणाला ते एमनला शब्दन् शब्द पाठ आहे. "राहू दे. ती तीन महिन्यांत पहिल्यांदा चार माणसांत येऊन बसलीय. पहिल्याच मोठ्या सामन्यात चूक निघाली तर ती परत येणार नाही. माझं काय जातंय? एक चेंडू." आणि वचन घेतलं. एमन म्हणाला, पुढे दर वर्षी मी त्याला म्हणायचो की आता सांगू, आणि तो म्हणायचा, आता तर मुळीच नको, आता ती हौसेने येते.

एप्रिलनंतर वचन कुणापाशी मोडायचं ते कळेना, असंही म्हणाला. हॉल ऑफ फेम त्याने कशासाठी काढलं ते मी विचारलं नाही. तो रडत होता, आणि मला दोन मीटरच्या आत जाता येत नव्हतं.

देवदत्तचं खरं होतं. मी परत गेले नसते. तेव्हा मी तशी होते. इंग्रजी बोलताना घाम फुटायचा आणि दूधवाल्यालाही दार उघडायची नाही. त्या वहीने मला बाहेर काढलं, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी तिच्याबद्दलच बोलले होते.

मी एमनला सांगितलं की सतरा तारखेला मीटिंग बोलाव. तो म्हणाला, मी सांगतो सगळ्यांना. मी म्हटलं, नाही. नोंद माझी आहे.

१७ फेब्रुवारी, बुधवार

आठही खिडक्या उघड्या होत्या. मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. म्हटलं, या पानावरची एक नोंद चुकीची आहे, ती मी तुमच्यासमोर दुरुस्त करतेय. ई-फोरवर एक सरळ रेघ मारली. शेजारी ई-सिक्स. सही, आजची तारीख. कारण लिहिताना मोठ्याने वाचलं: स्कोअररने स्वतः पाहिलं नव्हतं, ऐकून लिहिलं, आणि ऐकलेलं कळलं नव्हतं.

मग युअर मॅनची गोष्ट सांगितली.  मॉसी पहिल्यांदाच पूर्ण चेहऱ्यानिशी दिसले, कुणीतरी त्यांचा फोन सरळ करून दिला असावा. ते म्हणाले, "पण मी तर युअर मॅनच म्हणालो होतो." त्यांना यात चुकण्यासारखं काय आहे तेच कळेना.

एमन म्हणाला, चेंडू मी सोडला, आणि नंतर मी गप्प बसलो. देवदत्तने काय सांगितलं होतं तेही त्याने सांगितलं. ज्ञानेश मान खाली घालून बसला होता.

नीव म्हणाली, पण नियमाप्रमाणे एक वर्ष थांबावं लागेल, चित्रानेच लिहिलंय. मी म्हटलं, कारखान्यात मोजपट्टीच चुकीची निघाली तर तिने मोजलेला सगळा माल पुन्हा तपासतात. ते मतदान चुकीच्या वहीवर झालं, म्हणून ते रद्द. आणि आणखी एक नोंद आहे. विरोधातल्या तीन मतांतलं एक माझं होतं.

हे बोलले तेव्हा कुणाच्या तरी घरातली किटली वाजत होती. माझ्या मागे दारात क्षितिजा उभी होती, मला माहीत नव्हतं. ती येऊन माझ्या खुर्चीच्या हातावर बसली, तिचा अर्धा चेहरा सगळ्यांना दिसला असेल. एमन म्हणाला, हात वर करा. सात हात वर गेले. मी माझा करत होते, तो जड झाला होता, वेळ लागला. सगळे थांबले.

आठपैकी आठ.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

देवदत्त, आता तू ऐक.

लाज नाही वाटली तुला? साडेचार वर्षं लोक 'देव केला' म्हणून हसत होते आणि तू त्यांच्यात. मीही हसत होते रे. मी! माझ्या चुकीवर, तुझ्या नावाने. तेव्हा सांगता आलं नाही, ठीक आहे. मग मला नोकरी लागल्यावर सांगायचंस. त्या वर्षी दिवाळीला सांगायचंस. हॉस्पिटलमधून फोन केलास तेव्हा वॉशिंग मशीनचं फिल्टर साफ कर म्हणालास, त्याऐवजी हे सांगायचंस. मी इथे तुझ्या विरोधात मत देऊन बसले आणि स्वतःला प्रामाणिक समजत होते.

माझ्यावर एवढा उपकार करून ठेवायचा तुला काय अधिकार होता? मी मागितला होता का?

सकाळपासून मला राग आलाय. क्षितिजाला म्हटलं, तुझा बाबा मूर्ख होता, तर ती रडायला लागली आणि मग मीही. एप्रिलपासून मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. वाटलं ते हे, आणि तेही तुझ्यावर चिडूनच. कामावर कळवलंय, आज येत नाही म्हणून.

तेव्हाच कळलं असतं तर मी चांगली भांडले असते. मग अबोला धरला असता. दोन दिवस, फार तर तीन. त्यापुढे मला कधी जमलंच नाही, भाजीत मीठ पुरेसं आहे का ते विचारायला तरी तोंड उघडावं लागायचं. उद्या तू गेल्याला दहा महिने होतील.